'स्वमत' तरी पाठ करून घेऊ नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा जवळ आली की भरारी पथके, सीसीटीव्ही, ड्रोन, कॉपीमुक्त अभियान अशा बातम्या आपल्या वृत्तपत्रात येऊ लागतात. त्या यायलाच हव्यात. खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे पाहुणेरावळे आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहणारे पर्यवेक्षक यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण कोणत्याही पथकाला सापडणार नाही अशी एक कॉपी वर्षभर राजरोस वर्गात चालते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. त्याच विषयातल्या तीन गुणांविषयी मला लिहायचे आहे.

नवा अभ्यासक्रम आल्यावर मार्च २०१९ पासून दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. उताऱ्याखालच्या आकृत्या, चौकटी, व्याकरण यांच्या जोडीला एक कृती 'स्वमत' म्हणून असते. उताऱ्यातल्या विचारावर विद्यार्थ्याने स्वतःचे मत लिहायचे. ज्यांनी ही कृती घातली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करते. पाठांतराच्या रानात मुलाला स्वतःचा विचार मांडायला दिलेली ती हक्काची जागा होती. वर्ष उलटायच्या आत बाजारातल्या गाईडांनी तीही भरून काढली. 'स्वमत' या मथळ्याखाली तयार उत्तरे छापून आली, क्लासमध्ये ती उतरवून दिली जाऊ लागली आणि मुले ती घोकू लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे मत काय असावे हे आता गाईड लिहिणारा ठरवतो.

सराव परीक्षेचे गठ्ठे तपासताना हे फार जाणवते. 'श्रमाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा' अशी कृती होती. 'माझ्या मते आजच्या धकाधकीच्या युगात श्रमाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे वाक्य एकामागून एक वह्यांत येत राहिले, त्याच स्वल्पविरामासकट. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर मात्र मी थांबले. तिची आई द्राक्षबागेत विरळणीला जाते. तिने लिहिले होते की गड्यांच्या बरोबरीने दिवसभर मान वर करून आई घड विरळते, पण संध्याकाळी बायकांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, गड्यांपेक्षा कमीच पडते. श्रमाला मान आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी हजेरी सारखी करावी, मग आम्हाला निबंध लिहायला सांगावा. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, वाक्ये तुटक होती. मी तिला तीनपैकी तीन गुण दिले. तेव्हा शेजारी बसलेल्या अनुभवी सहकाऱ्यांनी अगदी काळजीने मला सांगितले, "बाई, इथं दिलेत ते ठीक. बोर्डाला असं लिहिलं तर पोरीचे मार्क जातील. मुद्दे कुठं आहेत?"

संपादक महोदय, आमच्या परिपाठात वर्षानुवर्षे ज्या दहा मूल्यांचा जागर होतो त्यांत श्रमप्रतिष्ठा आहे आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. या मुलीने दोन्ही मूल्ये स्वतःच्या घरातल्या अनुभवाला लावून पाहिली. एवढे मूल्यशिक्षण एका उत्तरात मी क्वचितच पाहिले आहे. तरीही ते 'मुद्द्यांत बसत नाही' अशी भीती एका चांगल्या शिक्षकाला वाटते. त्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना मुलीचे नुकसान नको होते, एवढेच.

वय कमी, शाळा जेमतेम, मग मत कुठून येणार, असे मला नेहमी ऐकवले जाते. उत्तरादाखल मी मुक्ता साळवेचे नाव घेते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. तिचे शिक्षण तीन वर्षांचे होते आणि वय असेल चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात देवालाच केला आहे. आपल्या जातीतल्या बायकांच्या बाळंतपणाचे हालही तिने लिहिले. पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. तिच्या वर्गात विचारायला मुभा होती म्हणूनच ते प्रश्न कागदावर उतरले, असे मला वाटते. आज आमच्या मुलांकडे पाठ्यपुस्तके आहेत, मोबाइल आहे, दहा-दहा वर्षांचे शिक्षण आहे. नाही ती फक्त ती मुभा.

मुलांच्या मतांचे झाले, आता त्यांच्या चारित्र्याचे. ते सुविचाराच्या फळ्यावरून येत नाही हे आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार पूर्वी ओळखले होते. १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले येथे त्यांची रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. पाणी भरणे, झाडलोट, स्वयंपाक, शेतातली कामे मुलांनी स्वतः केली. समतेवर व्याख्यान न ऐकताही ती मुले समता रोज जगत होती. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्या संस्थेचे वाक्य घामातून आलेले आहे, म्हणून ते अजून खरे वाटते.

त्याच्या उलट आज आम्ही मुलांना काय जगायला देतो? भाषा विषयांच्या अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायच्या, वीस गुणांचा इतिहास आठवून पाहा. २०१९ च्या परीक्षेत ते गुण काढून टाकले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. केवढा गहजब झाला! इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील ही पालकांची भीती खोटी नव्हती, आणि अंतर्गत गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते हेही खरे, त्यामुळे सगळी वाढ या वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. परंतु हे वीस गुण कसे दिले जातात ते मुलांना चांगले ठाऊक असते. कित्येक ठिकाणी तोंडी परीक्षा कागदावरच होते. मूल एक वाक्यही बोलत नाही आणि त्याच्या नावापुढे अठरा-एकोणीस पडतात. न केलेल्या कामाचे गुण घ्यायचे असतात आणि त्यावर कुणी प्रश्न विचारायचा नसतो, हा धडा ते मूल शाळेतूनच घेऊन बाहेर पडते. पुढे न केलेल्या कामाचे बिल त्याने काढले तर नवल कसले? ज्या मुलाला स्वतःचे खरे मत लिहिण्याची सवय नाही, ते मोठेपणी चार माणसांत उभे राहून 'हे चुकीचे आहे' असे म्हणू शकेल, अशी अपेक्षाही धरू नये. खरे बोलण्याचे धाडस आणि स्वतः विचार करणे यांचा सराव एकत्रच व्हावा लागतो.

पालकांविषयी दोन शब्द. एका वडिलांनी मला सरळ सांगितले होते, "बाई, पोराला बोलायला नको, मार्क पाडायला शिकवा." हातावर पोट असलेल्या माणसाची ती तगमग मला कळते. एकेका गुणावर प्रवेश हुकतो, आणि फी भरून दुसरीकडे जायची ऐपत त्यांची नसते. त्यांना मी वहीच दाखवते. धडा झाल्यावर आमच्या वर्गात लगेच लिहायचे नसते. आधी एकाने मत मांडायचे, दुसऱ्याने 'कशावरून?' विचारायचे, आणि उत्तर देता आले नाही तर मत बदलायची मोकळीक. मग लिहायचे. अशा मुलांची वाक्ये सुरुवातीला वेडीवाकडी येतात, पण दिवाळीनंतर तीच मुले न पाहिलेल्या उताऱ्यावरही बिनधास्त लिहितात, आणि गाईड घोकणारे तिथेच अडकते. साठ-पासष्टचा पट, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती यांतून हा वेळ काढणे जिकिरीचे आहे. शासनाने अशैक्षणिक कामे कमी केल्याशिवाय ते सरसकट होणार नाही, हेही इथे नोंदवते.

राज्य मंडळाकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत. स्वमताच्या कृतीसाठी परीक्षकांना स्पष्ट लेखी सूचना द्यावी की मत कोणतेही असो, त्याला कारण आणि स्वतःचे उदाहरण दिले असेल तर पूर्ण गुण द्यावेत. ठरावीक मुद्दे शोधू नयेत. ती सूचना परीक्षेआधी सर्व शाळांना आणि पालकांनाही कळवावी, म्हणजे गाईडचा धाक आपोआप ओसरेल. पाठातल्या विचाराशी असहमत असलेली, पण कारणे नीट देणारी काही उत्तरे मंडळाने नावे वगळून नमुना म्हणून प्रसिद्ध करावीत. आणि अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक मुलाला निदान पाच मिनिटे खरोखर बोलू द्यावे, त्याची नोंद ठेवावी, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने त्यातल्या काही मुलांशी पुन्हा बोलून पडताळणी करावी. यासाठी नवा निधी लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी परिपत्रक निघाले तर त्याच वर्षीच्या परीक्षेत त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली