पेर्टिनॅक्सचे ८७ दिवस

रोम, २८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ८७ दिवसांत माणूस राज्य करून करणार तरी काय? रोमचा सम्राट पेर्टिनॅक्स याने पुष्कळ केलं, आणि ती घाईच त्याच्या जिवावर उठली. आज त्याच्या खुनाची तारीख, म्हणून सविस्तर लिहिते.

इ. स. १९२च्या ३१ डिसेंबरला आधीचा सम्राट कॉमोडस याचा गळा आवळला गेला आणि त्याच रात्री पेर्टिनॅक्सला प्रिटोरियन दलाच्या, म्हणजे सम्राटाच्या रक्षकांच्या छावणीत नेलं. वय ६६. बाप गुलामीतून सुटलेला. हा स्वतः आधी व्याकरणाचा मास्तर, मग फौजेतून वर चढत ब्रिटन आणि आफ्रिकेचा सुभेदार. रक्षकांना त्याने माणशी १२,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल केले. तिजोरी उघडली तर आत १० लाख. तुम्हीच हिशेब करा: तेवढ्यात ८३ शिपायांचं भागतं, आणि छावणीत शिपाई हजारांनी!

मग कॉमोडसचं सामान लिलावात निघालं. रेशमी झगे, शस्त्रं, घोडे, गुलाम, किती वाट सरली ते मोजणाऱ्या गाड्यासुद्धा. त्यातून शिपायांचे पैसे भागवले, शहरातल्या लोकांनाही माणशी १०० दिनार, म्हणजे चांदीची नाणी, दिली. पडीक जमीन कसेल त्याची, वर दहा वर्षं सारा माफ. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती नाण्याची गोष्ट. तिजोरी रिकामी असली की राजे चांदीत भेसळ वाढवतात. याने उलट केलं: कॉमोडसच्या दिनारात चांदी सुमारे ७४ टक्के होती, ती सुमारे ८७वर नेली.

बिघडलं ते छावणीत. कॉमोडसच्या काळात रक्षक मोकाट सुटले होते. आता रस्त्यात कुऱ्हाडी मिरवायच्या नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला मारायचं नाही, असा हुकूम आला. त्यात पेर्टिनॅक्स सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेत, बोलून गेला की कॉमोडसचा बाप, सम्राट मार्कस ऑरेलिअस याने दिलं तेवढंच मीही शिपायांना दिलं. मार्कसने दिले होते २०,०००! शिपाई तिथेच उभे राहून ऐकत होते. इतिहासकार कॅसिअस डिओ तेव्हा सिनेटर होता. ते किती चिडले हे त्याने लिहून ठेवलंय. मग फाल्को नावाच्या कॉन्सुलला, म्हणजे रोमच्या एका बड्या अधिकाऱ्याला, गादीवर बसवायचा कट उघडा पडला. पेर्टिनॅक्सने फाल्कोला जीवदान दिलं, पण रक्षकांचा प्रमुख लीटस याने सम्राटाचाच हुकूम असल्यासारखे बरेच शिपाई मारले. झालं, छावणी पेटली.

२८ मार्च १९३ला दोनशे शिपाई तलवारी उपसून राजवाड्यात घुसले. दारं लावून घेता आली असती, रात्रपाळीचे पहारेकरी बोलावता आले असते. पेर्टिनॅक्स एकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी माना खाली घातल्या, तलवारी म्यानात गेल्या. तेवढ्यात एकजण धावून आला आणि बाकीचे तुटून पडले. मुंडकं भाल्यावर लावलं. त्याच दिवशी छावणीत गादीचा लिलाव झाला: आतून पेर्टिनॅक्सचा सासरा शिपायामागे २०,०००पर्यंत गेला, तर बाहेरून डिडिअस ज्युलिआनस नावाच्या सिनेटरने बोटं दाखवत २५,०००ची बोली लावली. तो टिकला ६६ दिवस.

पुढे सेप्टिमिअस सेव्हेरस सम्राट झाला. त्याने या रक्षकांना निःशस्त्र बोलावून घेरलं आणि हाकलून दिलं. पेर्टिनॅक्सचे अंत्यसंस्कार पुन्हा, राजाला शोभतील असे केले. देहाच्या जागी मेणाचा पुतळा निजवला होता, आणि एक मुलगा मोरपिसांनी त्याच्यावरच्या माश्या वारत उभा होता, जणू आत माणूस झोपलाय.

आईला नमस्कार.

तुमची,
सई