गोल केला तर आपला, नाहीतर परका

महोदय,

२००५च्या मार्चमध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अब्बास सुआन या अरब खेळाडूने अगदी शेवटी गोल करून इस्रायलला आयर्लंडशी बरोबरी साधून दिली. चारच दिवसांनी वालिद बादिर या दुसऱ्या अरब खेळाडूने फ्रान्सविरुद्ध तेच केले. माध्यमांनी दोघांना डोक्यावर घेतले, सहजीवनाचे प्रतीक वगैरे ठरवले. पण बेतार जेरुसलेम या इस्रायली क्लबच्या चाहत्यांनी ‘सुआन, तू आमचा प्रतिनिधी नाहीस’ असा फलक झळकावलाच.

मला त्या फलकाइतकीच ती स्तुतीही खटकते. मधल्या फळीत खेळणाऱ्या माणसाकडून दोन समाजांत समेट घडवण्याची अपेक्षा कशासाठी? राष्ट्रगीत सुरू झाले की कॅमेरा नेमका त्याच्याच ओठांवर जातो. त्याच्या शेजारचा गप्प उभा असेल तर त्याची बातमी होत नाही. (गाणे न येणारे खेळाडू सगळ्याच संघांत असतात म्हणा!)

जर्मनीच्या, तुर्की वंशाच्या मेसुत ओझिलने २०१८मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना हेच मांडले: जिंकलो की जर्मन, हरलो की स्थलांतरित. तुर्कस्तानच्या अध्यक्षांसोबत फोटो काढल्याबद्दल त्याच्यावर जरूर टीका करावी, मीही करेन. पण त्या वर्षीच्या विश्वचषकात साखळीतच गारद झालेल्या अख्ख्या संघाचे खापर त्या एका फोटोवर फोडणारे मथळे क्रीडा पानावर कसे काय येतात? पास किती चुकले, बचाव कुठे फाटला, हे लिहायला तिथे जागा उरत नाही.

– एक क्रीडाप्रेमी वाचक