आरोग्यमंत्री, भोक बुजवायचा स्टेंट कुठे होता?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

आपल्या धावपळीतून हे पत्र वाचाल अशी आशा आहे. गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी चालू असताना माझे वडील गेले. हृदयाच्या रक्तवाहिनीला भोक पडलं. हजारात चार-पाच जणांना असं होतं, मी वाचलंय. कॅल्शियम साचलेल्या, वेड्यावाकड्या नळीत बारीक तार सरकवायची म्हटल्यावर कधीतरी ती आरपार जाणार. डॉक्टरांच्या हाताला मी दोष देत नाही.

पुढचं ऐका. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलं, बीपी कोसळलं. आत फुगा फुगवून भोक दाबून धरलं होतं, सुईने रक्त ओढणं चालू होतं. आणि ते भोक बुजवायचा कव्हर्ड स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची, पातळ पडद्याने मढवलेली जाळीची नळी? तो रुग्णालयात नव्हताच! टेक्निशियन दाराबाहेर येऊन डीलरला फोनवर साईज सांगत होता, "दोन पॉइंट आठ... नाही हो, उद्या नको, आत्ता!" बाकावर बसलेली आई मला विचारत होती, कसली साईज रे? हार्ट सर्जन म्हणाल तर तो शेजारच्या जिल्ह्यात.

या भोकांचे प्रकार डॉक्टरांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलेत. उपायही ठाऊक आहेत. मग कपाटात दोन-तीन कव्हर्ड स्टेंट ठेवायला काय धाड भरते? लागत नाहीत, एक्स्पायर होतात, म्हणे. बरोबर आहे, माणसापेक्षा माल वाया जायला नको!

२०१७ मध्ये केंद्राने औषधाचा लेप असलेल्या नेहमीच्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, काय हाताशी असायलाच हवं, ते कोण बांधणार? रुग्णालयांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा २०१० चा केंद्राचा कायदा आपण स्वीकारला नाही, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर कारभार. कॅथलॅब तरी होत्या का हो तेव्हा? केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे. आम्हाला उत्तर मिळतं, "साहेब सुटीवर आहेत." रुग्णहक्कांची सनद मात्र काउंटरमागे फ्रेममध्ये, पुढ्यात कुंडी.

कव्हर्ड स्टेंट, इको मशीन (हृदयाची सोनोग्राफी करायचं) आणि हार्ट सर्जनशी लेखी करार नसेल तिथे सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेतली अँजिओप्लास्टी बंद करा. एवढंच मागतो. "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" हा छापील कागद नको, तो घरात आधीच येऊन पडलाय.

आपला,
एक मुलगा