गणपतीला येतोय, त्याआधी हे वाच

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "थोडा खाल्ल्यान तर काय होता?" ओम शेजारीच होता म्हणून मी गप्प बसले. त्याला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू नुसता बाधतो असं नाही. गहू, जव किंवा राय नावाचं धान्य पोटात गेलं की त्यातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे त्याचं शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. औषध नाही, आयुष्यभराचं पथ्य.

घरात निभतं. पंचाईत बाहेर. हायवेवर भूक लागली की ठरलेल्या साखळीतलीच हॉटेलं. आधी मी मेनूवर 'ग्लूटेन-फ्री' दिसलं की निर्धास्त मागवायचे. मार्चमध्ये एके ठिकाणी नुसते तळलेले बटाट्याचे काप घेतले. दोन तासांनी पोर गाडीच्या काचेला डोकं टेकून बसलं, ओठ पांढरे, मग उलट्या. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं, त्याच तेलात मैद्यात घोळवलेलं चिकन तळतात. तळून ग्लूटेन जात नाही गं, तो काही जंतू नव्हे.

तेव्हापासून मी आधी तेल विचारते. फ्रायर वेगळा का? तवा, चिमटा? काउंटरवरचं पोरगं गोंधळलं की मॅनेजरला बोलावते. लाज कधीच सुटली. बाराच्या गर्दीत जातच नाही, अकराला जातो, म्हणजे हातमोजे बदलायला कुणी कुरकुरत नाही. चिपोटले म्हणून मेक्सिकन खाण्याची साखळी आहे, तिथे बरं पडतं. गहू फक्त मैद्याच्या टॉर्टियात, म्हणजे त्यांच्या पोळीत. भात, राजमा, चिकन चालतं. पण टॉर्टिया उचललेल्या हातानेच भात वाढला की संपलं. चायनीजमध्ये सोया सॉस, त्यातही बहुधा गहू. मॅकडोनाल्डचे फ्राइज बंद: इथे त्यांत बीफचा स्वाद घालतात आणि त्या स्वादात गव्हाचा अंश. (हे बाबांना वाचून दाखवू नकोस, ओमने ते चार वर्षं खाल्लेत.)

पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन हवं, असा इथे 2013 चा नियम आहे. चिमूटभर पीठसुद्धा त्यापुढे डोंगर. म्हणून आता तुझ्या स्वयंपाकघराकडे वळते, रागावू नकोस.

घावणे, आंबोळ्या, पेज, उकडीचे मोदक, सोलकढी: त्याचं जेवण म्हणजे आपलंच जेवण. पण गिरणीत गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठ त्याला नको. पडवीतलं जातं फिरत असेल तर स्वच्छ धुऊन दोन शेर तांदूळ दळून ठेव, नाहीतर मिक्सर. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते बघ, बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. वड्यांच्या पिठात तू मूठभर गहू टाकतेस, यंदा नको. विसर्जनानंतर सुरमई तळशील, तेव्हा रवा न लावता, नुसत्या तांदळाच्या पिठात, आणि त्याचे तुकडे ताज्या तेलात सगळ्यांच्या आधी.

आरतीनंतर काकू पानात पुरी टाकतील आणि तो 'नको' म्हणेल. त्याला आग्रह करू नका, एवढं त्यांना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत.

त्याच्यासाठी मी इथून एक छोटा तवा आणते आहे. तो खिळ्याला वेगळा टांगायचा, भाकरीच्या तव्याशेजारी नाही.

तुझी,
सुमा