आईसाठी धावून आलेल्यांचे आभार
आई गेली. लातूरहून तिला गावी आणताना औशाच्या पुढं रात्री गाडी बंद पडली. धाब्यावरची पोरं ट्रॅक्टर घेऊन आली अन् तिला दारापर्यंत पोचवून, नावसुद्धा न सांगता गेली. गल्लीतल्या मावश्यांनी पिठलं-भाकरी आणून लेकरांना बळंच दोन घास भरवले. गंगाखेडला गोदावरीत अस्थी सोडताना माझा तोल गेला, तेव्हा एका अनोळखी बाबांनी दंडाला धरून सावरलं.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात आईनं दीर-जावांची लेकरंही एकाच चुलीवर जगवली. दारात आलेल्याला आधी भाकरी, मग चौकशी, ही तिची रीत. तुम्हीही तिच्यासाठी तसंच केलंत. तुमचे उपकार फिटणार नाहीत. कधीही घरी या, हक्कानं जेवून जा.