फ्रेडीचा चौकोन परत काढणाऱ्या आजींना

आजी,

मराठी तुम्हाला येत नाही माहितीये, पण इंग्लिशमध्ये थँक यू लिहायला घेतलं की चार ओळींत संपतं आणि मन काही मोकळं होत नाही, म्हणून मराठीतच लिहितेय, माझी लेक तुम्हाला फोनवर वाचून समजावेल.

आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला आलो तेव्हा कळलं की ज्या ब्रुकफील्डला आपण किराणा भरायला जातो त्याच्याच जवळ 12 डिसेंबर 1839 ला कॅरोलाइन इंगल्स जन्मली, 'लिटल हाऊस'ची पुस्तकं लिहिणाऱ्या लॉरा इंगल्स वाइल्डरची आई. माहेरची क्वायनर. ती लहान असतानाच वडील लेक मिशिगनवर बोट बुडून गेले, आईने 1849 ला फ्रेडरिक होलब्रुकशी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून तिच्या माहेरचा माग काढायचं वेडच लागलं मला.

एका ठिकाणी तीन मेल केले, उत्तर काय तर फीचा तक्ता. दुसरीकडे म्हणाले, सगळं मुलीच्या पुस्तकांत आलंय, ते वाचा की. अहो पण कॅरोलाइनचा मुलगाच त्या पुस्तकांत नाहीये!

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी वंशावळ शोधून द्यायला खुर्ची ओढून शेजारी बसलात. तीन क्वायनर भावंडांची लग्नं तीन इंगल्स भावंडांशी झाली हे दाखवलंत, मी म्हटलं आमच्याकडे याला साटंलोटं म्हणतात, आणि एलायझा म्हणजे कॅरोलाइनची सख्खी बहीण आणि जाऊसुद्धा. जाऊ वेगळी, नणंद वेगळी हे ऐकून तुम्ही इतक्या खूश झालात की एलायझाच्या नावापुढे पेन्सिलने 'जाऊ' लिहून घेतलंत.

मग तो मुलगा. चार्ल्स फ्रेडरिक, म्हणजे फ्रेडी, सावत्र आजोबांचं नाव मिळालेला, 1 नोव्हेंबर 1875 चा जन्म, 27 ऑगस्ट 1876 ला मिनेसोटात साउथ ट्रॉयजवळ गेला, याच एलायझाकडे सगळे राहत असताना. देशाची जनगणना दहा वर्षांनी, 1870 ला तो जन्मला नव्हता, 1880 ला उरला नव्हता. 1900 ला मात्र आयांना विचारलं होतं, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. त्या दोन रकान्यांवर तुम्ही बोट ठेवलंत आणि काहीच बोलला नाहीत.

मेरी, लॉरा, कॅरी, फ्रेडी, ग्रेस. वंशावळीत पाच मुलांचे पाच चौकोन काढताना कागद संपत आला आणि फ्रेडीचा चौकोन बारीक व्हायला लागला. मी म्हटलं चालेल हो, बाळच होतं. तुम्ही 'थांब' म्हणालात, खोडरबर घेतलं, अख्खी ओळ पुसली आणि पट्टी लावून पाचही चौकोन एकसारखे काढलेत.

मी तेव्हा बाथरूमला जाते म्हणून उठले ना, रडायला गेले होते. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. आमच्या वंशावळीत आईचंच नाव नाही तर त्याचं कुठून असणार. घरात कुणी विषयसुद्धा काढत नाही.

तुम्हाला कुणी पगार देत नाही, ओळख ना पाळख, तरी कुणाच्या तरी दीडशे वर्षांपूर्वीच्या बाळासाठी इतकं जीव लावून करणारी माणसं असतात हे मला माहीतच नव्हतं आजी. खरंच खूप खूप आभार.

त्या रात्री आईला पुण्याला फोन केला आणि पहिल्यांदा दादाचं नाव विचारलं. तिने लगेच सांगितलं, तारखेसकट.

तुमचा कागद स्वयंपाकघरात लावलाय. चकल्या पाठवल्यात, तिखट लागल्या तर दह्याबरोबर खा.