ती. मामांस: अर्ध्या ओळीची भरपाई

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या प्रबंधात आभाराचं पान आहे. त्यात गाइडना पाऊण पान मिळालं आणि तुमच्या वाट्याला अर्धी ओळ आली: ‘तसेच प्रयोगशाळेतील सर्व सहायक.’ ती छापून आल्यापासून मला टोचते आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर ‘कशाला उगाच’ म्हणत तुम्ही ते खिशात कोंबलं असतं.

विषय तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे. जन्मानंतर हृदयाच्या स्नायूपेशी मोठ्या कशा होतात? उंदराचं एक दिवसाचं पिल्लू, दहा दिवसांचं, वीस दिवसांचं. एक दिवसाचं हृदय इतकं चिमुकलं की ते बशीत कातरून विकरात ढवळायचं. वीस दिवसांचं मात्र लटकवायचं: महाधमनीत कॅन्युला म्हणजे बारीक नळी, वर दोऱ्याची गाठ. लँगेनडॉर्फनं 1895 मध्ये दाखवलेली रीत. कोलॅजिनेज हे विकर आतून फिरलं की हृदय पिकल्या चिकूसारखं मऊ पडतं आणि पेशी सुट्या होतात. नळीत एक बुडबुडा शिरला की दिवस गेला. माझे असे अकरा गेले. तुम्ही कॅलेंडरवर खुणा केल्या होत्यात, बोलला मात्र नाहीत.

बाराव्या दिवशी पेशी मिळाल्या. सगळ्या गोल, साबुदाण्यासारख्या. नवजात पेशी गोलसर असतात हे मी वाचलेलं, त्यामुळे वहीत ठोकून दिलं: ‘वीस दिवसांनंतरही पेशी अपरिपक्व.’ तुम्ही बाटल्या धुता धुता आलात, मायक्रोस्कोपला डोळा लावलात आणि म्हणालात, “ताई, ही लहान पोरं नव्हेत. मेलीत ही.”

मग विचारलंत, “कॅल्शियम कसं घातलं?” एकदम घातलं होतं. पेशी सुट्या करताना द्रावणात कॅल्शियम नसतं. ते परत देताना घाई केली तर आत लोंढा शिरतो, पेशी आकसून गोळा होते आणि पुन्हा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ समोर ठेवून, थोडं थोडं घालायला लावलंत. आणि दिसल्या एकदाच्या! लांबट, विटेसारख्या, अंगावर आडवे बारीक पट्टे, अगदी शांत पडलेल्या. “उगाच फडफडते ती गळकी समजायची,” ही तुमची परीक्षा मी आजही वापरते. एक दिवसाच्या पेशींचं नेमकं उलटं. त्या बशीच्या तळाला चिकटल्या की आपणहून धडधडायला लागतात.

पेशीच्या पडद्याला रंग लावून कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा तुम्ही स्टूल ओढून बसला होतात. एक दिवसाच्या पेशीची नुसती कडा उजळलेली, आत अंधार. दहा दिवसांच्या पेशीत कडेपासून आत शिरू पाहणाऱ्या चार-दोन रेघा. वीस दिवसांच्या पेशीत सुमारे दोन-दोन मायक्रॉनवर ओळीनं रेघा, थेट मधोमध पोचलेल्या. या रेघा म्हणजे पडद्याच्याच आत वळलेल्या नळ्या. “एवढ्या नळ्या कशाला?” तुम्ही विचारलंत. तेव्हा मी घाईत काहीतरी सांगितलं होतं, आता नीट सांगते. लहान पेशी बारीक असते, आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम ती बरंचसं बाहेरूनच घेते. पेशी जाड झाली की तेवढं पुरत नाही. मग बहुतेक कॅल्शियम आतल्या साठ्यातून सुटतं, आणि ‘सोड’ हा इशारा खोलवर नेतात त्या या टी-नलिका. माणसाच्या तान्ह्या बाळाचीही भिस्त बाहेरच्या कॅल्शियमवर जास्त असते. व्हेरापामिल हे हृदयाचं औषध नेमकं ते बाहेरचं दार अडवतं, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळांना ते शिरेतून द्यायचं टाळतात.

माणसाचं काम तर फारच सावकाश चालतं. शेजारच्या पेशींना जोडणारं कनेक्सिन हे प्रथिन जन्माच्या वेळी पेशीभोवती चौफेर विखुरलेलं असतं. ते दोन्ही टोकांशी गोळा व्हायला सहा-सात वर्षं लागतात. हे ऐकल्यापासून तुम्ही माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ‘वायरिंग चालू आहे’ म्हणता. परवा जिना धावत चढून आली, छातीवर हात ठेवून मला म्हणाली, “मामाआजोबांना सांग, अजून चालूच आहे.”

इंजेक्शनची सुई घासून तुम्ही बनवलेली ती कॅन्युला माझ्या खणात होती, चिकटपट्टीवर तुमच्या अक्षरात ‘20 दिवस’. मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीनं मागितली, दिली. खाली पडली की टोक वाकतं, हेही सांगितलं. तिचे आतापर्यंत चार दिवस गेलेत. कॅलेंडरवर खुणा मी करते आहे.

तुमची,
ताई